पत्रा पातळ झालाय हो, पण भांडण तिथे नाहीच!

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला गाड्यांवरचा लेख वाचला आणि मग आठवडाभर त्यावर आलेली वाचकांची पत्रंही वाचली. सगळ्यांचा सूर एकच, आताच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे, अंगठा दाबला तरी बोनेट आत जातं, कंपन्यांनी लोखंड खाल्लं आणि भाव वाढवले, आमच्या वेळची ॲम्बेसिडर बघा, कुर्ल्याला बनायची ती पद्मिनी बघा, कसल्या दणकट होत्या. एका काकांनी तर लिहिलंय की त्यांच्या पद्मिनीला बैलगाडी धडकली तर बैलगाडीचंच चाक मोडलं. मोडलं असेल, मी कुठे नाही म्हणतोय. पण मी अख्खी नोकरी आधी भोसरीला आणि नंतर चाकणला प्रेस शॉप आणि टूल रूममध्ये काढलीय, गाड्यांचे पत्रे दाबायच्या डाय, म्हणजे साचे, बनवायच्या आणि बिघडल्या की दुरुस्त करायच्या हेच काम, त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, जागा नसेल तर सुरुवातीचं कापा, पण शेवटी गॅरेज आणि विम्याबद्दल जे लिहिलंय ते कापू नका एवढी विनंती.

आधी ते जुन्या दणकट गाड्यांचं बघू. २००९ साली अमेरिकेत विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेने एक टेस्ट केली होती, व्हिडिओ आजही नेटवर सापडतो, जरूर बघा. १९५९ सालची शेव्हरोले बेल एअर, म्हणजे लांबलचक जाडजूड धूड, आणि २००९ ची साधी मालिबू, दोन्ही गाड्या ताशी ६४ किलोमीटरच्या आसपास वेगाने समोरासमोर, ड्रायव्हरच्या बाजूने आदळवल्या. जुनी गाडी दिसायला रणगाडा, पण तिची केबिनच चिरडली, काचेजवळचा खांब मोडून मागे आला, स्टिअरिंग आत बसवलेल्या माणसाच्या पुतळ्याच्या अंगावर. नव्या गाडीचं नाक पार चेपलं पण केबिन जागच्या जागी, आतल्या पुतळ्याला फार तर पायाला किरकोळ मार. सीट बेल्ट, एअरबॅगा आल्या त्याचाही हात आहे त्यात हे मान्य, पण केबिन चिरडली नाही हे काही एअरबॅगेचं काम नाही, ते स्टीलचं काम आहे आणि कुठलं स्टील कुठे लावायचं या अकलेचं.

आता नव्या गाड्यांच्या केबिनला जे लावतात ते हाय स्ट्रेंग्थ, म्हणजे जास्त ताकदीचं, स्टील काय असतं ते जरा सांगतो. स्टीलची ताकद मेगापास्कलमध्ये मोजतात, घाबरू नका, हिशोब सोपा आहे, १० मेगापास्कल म्हणजे साधारण एका चौरस मिलिमीटरवर एक किलो भार. साधा मऊ पत्रा, दरवाजाच्या बाहेरचा वगैरे, तो ३०० च्या आसपास तुटतो. म्हणजे त्याची १० मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड पट्टी घेतली आणि खाली वजन टांगत गेलं तर ३०० किलोच्या आसपास ती जाणार. मग येतात कडक पत्र्यांच्या जाती, डीपी ५९०, डीपी ७८०, डीपी ९८०, यातला आकडा म्हणजे तीच तुटायची ताकद. आणि गाडीच्या पुढच्या-मागच्या दाराच्या मधला जो खांब असतो, बी पिलर म्हणतात त्याला, त्याच्या आतला मुख्य पत्रा आताच्या बऱ्याच गाड्यांमध्ये १५०० चा असतो. तेवढीच १० बाय १ ची पट्टी दीड टन पेलणार, एक लहान हॅचबॅक चार माणसं आणि त्यांच्या बॅगांसकट टांगा. आणि वजन वाढतं का, तर नाही, मऊ असो की कडक, स्टीलचं वजन आकारमानाला तेवढंच. म्हणून मग जिथे दोन मिलिमीटरचा पत्रा लागायचा तिथे सव्वा-दीडचा लावून भागतं, गाडी हलकी होते, पेट्रोल वाचतं. कंपनीचा फायदा आहेच त्यात, धर्मादाय कोणी करत नाही, पण म्हणून ती फसवणूक होत नाही.

मग बोनेट का दबतं? याचं उत्तर बऱ्याच इंजिनिअर पोरांनाही पटकन सांगता येत नाही. स्टीलची ताकद वाढली म्हणून त्याचा ताठपणा वाढत नाही. ३०० चा पत्रा घ्या नाहीतर १५०० चा, लवायच्या बाबतीत दोघं सारखेच, ताठपणाचा आकडा दोघांचाही २०० गिगापास्कलच्या आसपासच असतो. फरक एवढाच की मऊ पत्रा थोडा लवला की वाकडाच राहतो आणि कडक पत्रा बराच लवून परत जागेवर येतो. अंगठ्याने दाबून तुम्ही फक्त जाडी तपासता, ताकद नाही. आणि बोनेट, दरवाजाचा बाहेरचा पत्रा ही नुसती कातडी आहे, पाऊण मिलिमीटरच्या आसपास, ती धडक झेलायला नसतेच. उलट बोनेट थोडं मऊ ठेवतात ते मुद्दाम, रस्त्यावरचा माणूस धडकला तर त्याचं डोकं त्याच्यावर आपटतं म्हणून. नारळासारखं आहे बघा, वरचं सोडण मार खायला आणि आत करवंटी. पुढचं नाक ठरल्यासारखं चेपायला पाहिजे आणि केबिनचा पिंजरा हलता कामा नये. म्हणून सगळी गाडी १५०० ची कोणी बनवत नाही, बनवली तर आतल्या माणसाच्या बरगड्या आणि मेंदू तो धक्का खातील. साधा पत्रा तुटायच्या आधी ४० टक्क्यांच्या आसपास ताणला जातो, १५०० चा जेमतेम ५-६ टक्के. नाकाला ताणणारं पाहिजे, खांबाला न हलणारं.

हे बनवतात कसं तेही ऐका, कारण पुढचा सगळा मुद्दा त्याच्यावर आहे. लोकांना वाटतं काहीतरी महागडी धातू भरपूर घालत असतील. तसं फार कमी असतं. एचएसएलए म्हणून जो प्रकार आहे, चासीला, ट्रकच्या लाँग मेंबरला, म्हणजे खालच्या लांब तुळईला, चालतो तो, त्याच्यात नायोबियम किंवा व्हॅनेडियम किंवा टायटॅनियम असतं, पण किती, तर टनाला काहीशे ग्रॅम. भाजीत हिंग घालतात त्याच्याहून कमीच. जगातलं बहुतेक नायोबियम ब्राझीलमधून येतं आणि एवढ्याशा चिमटीने स्टीलचे कण बारीक होतात, कण बारीक म्हणजे ताकद जास्त. बाकी खेळ सगळा गरम किती केलं आणि थंड किती झटकन केलं याचा. डीपी म्हणजे ड्युएल फेज, त्याच्यात पत्रा अशा मधल्याच तापमानाला नेतात की त्यातला काही भाग रूप बदलतो आणि काही नाही, तेवढ्यात झटकन थंड करतात, बदललेला भाग कडक मार्टेन्साइट होऊन बसतो आणि उरलेला मऊ फेराइट तसाच राहतो. मऊ भाग वाकायला आणि कडक भाग ताकदीला. आणि बाहेरच्या कातडीलाही थोडी युक्ती असते, काही पत्रे असे बनवतात की रंगाच्या भट्टीत १७० डिग्रीला वीसेक मिनिटं गेले की तिथेच थोडे कडक होतात, वेगळा खर्च नाही, रंग वाळवता वाळवता काम झालं.

प्रेस शॉपमध्ये हे नवीन पत्रे यायला लागले तेव्हा काय हाल झाले ते आम्हाला विचारा. ज्या डायवर साधा पत्रा लोण्यासारखा दाबला जायचा तिथे ७८० चा टाकला की भिंती उघड्या. म्हणजे यू आकाराचा पार्ट दाबायचा, प्रेस वर गेली की पार्टच्या दोन्ही भिंती बाहेर फाकतात, स्प्रिंग बॅक. वर सांगितलं ना, ताठपणा तेवढाच पण ताकद दुप्पट-अडीचपट, म्हणून परत फिरायची ओढही तेवढी जास्त. मग डायला मुद्दाम आतल्या बाजूला जास्त वाकवायचं, निळा रंग लावून डाय कुठे टेकते ते बघायचं, ट्रायआऊट घ्यायचा, तपासायच्या फिक्स्चरवर पार्ट ठेवून फटीत फीलरची पातळ पट्टी घालायची, एका बाजूला बसला तर दुसरीकडे पीळ पडलेला, परत डाय खाली. क्वालिटीवाला येऊन उभा, प्रोजेक्टवाला फोनवर. आणि कापताना तर वेगळीच तऱ्हा, पत्रा सुटतो तेव्हा साठलेला सगळा जोर एकदम मोकळा होतो आणि धाडकन प्रेस हादरते, आम्ही नवीन पोरांना आधीच सांगून ठेवायचो की घाबरून मागे पडू नकोस. डीटू नावाच्या टूल स्टीलचे पंच जे महिनोन्महिने चालायचे ते कडेला टवके जाऊन बाद व्हायला लागले, पुढे चांगली टूल स्टील आणि कोटिंग आली तेव्हा जरा जीव भांड्यात पडला.

१५०० चा पत्रा मात्र असा थंड दाबताच येत नाही, त्याला हॉट स्टॅम्पिंग. हे काम मूळ स्वीडनचं. तिथल्या एका कंपनीने १९७७ साली पेटंट घेतलं, तेव्हा करवतीची आणि गवत कापायच्या मशीनची पाती बनवायला वापरायचे, आणि १९८४ साली साब कंपनीने साब ९००० गाडीत पहिल्यांदा तसा पार्ट लावला. आता पुणे-चाकण पट्ट्यातही हे काम चालतं. पत्र्याच्या जातीचं नाव २२एमएनबी५, त्याच्यात बोरॉन असतं, टनाला तीसेक ग्रॅम. तुकडा भट्टीत ९०० ते ९५० डिग्रीला काही मिनिटं तापवतात, नारिंगी लाल झालेला तो तुकडा रोबो उचलतो आणि काही सेकंदांत डायमध्ये ठेवतो, लाल असताना तो अगदी मऊ असतो, सहज दाबला जातो. आता खरी गंमत, दाबल्यावर प्रेस वर जात नाही. डायच्या पोटातून पाण्याच्या वाहिन्या फिरवलेल्या असतात, प्रेस मिटून धरून ठेवतात, सेकंदाला निदान तीसेक डिग्रीने तापमान पडायला पाहिजे, त्याहून हळू पडलं तर सगळं फुकट. दहा-एक सेकंदांनी डाय उघडली की बाहेर येतो तो पार्ट पूर्ण मार्टेन्साइट. आत जाताना ५००-६०० चा होता, बाहेर १५०० चा. स्प्रिंग बॅक जवळपास नाही. त्याच्यावर पुढे भोकं पाडायची, कडा कापायच्या तर लेझर लागतो, पंच टिकत नाहीत. मी पहिल्यांदा तो पार्ट हातात घेतला तेव्हा रंग बघून वाटलं काहीतरी जळकं काम आहे, आणि मग कानस घासून बघितली तर कानसच घसरायला लागली.

थोडक्यात ही सगळी ताकद उष्णतेने भरलेली असते. आणि उष्णतेनेच ती जाते, तीही काही मिनिटांत. हे एवढं वाक्य लक्षात ठेवा.

घर बांधणाऱ्यांना हे वेगळ्या रूपात माहितीच आहे. टीएमटी सळई काय असते? रोलिंग मिलमधून लालभडक बाहेर पडते तेव्हाच पाण्याच्या पेटीतून नेतात, वरची साल झटकन गार होऊन कडक होते, गाभा अजून तापलेला असतो, त्याची धग परत बाहेर येते आणि ती साल जरा सैलावते. म्हणून सळई आडवी कापून घासली आणि ॲसिड लावलं तर बाहेर गडद कडं आणि आत फिकट गाभा असा दिसतो. दुकानात फे ५०० आणि फे ५०० डी दोन्ही मिळतात, ताकद तीच पण डीवाली तुटायच्या आधी जास्त ताणते, आयएस १७८६ मध्ये साध्या ५०० ला किमान १२ टक्के आणि डीला १६ टक्के लांबायची अट आहे, भूकंपात तोच फरक कामाला येतो. आता साईटवर कोणी ही सळई वाकत नाही म्हणून गॅसने लाल करून वाकवली तर? साल गेली, पाण्याच्या पेटीची सगळी मेहनत गेली. चांगला साईट इंजिनिअर असलं काही दिसलं की ती सळई बाजूला काढायला लावतो, शिव्या देतो ते वेगळं.

मोठ्या पुलांना, जहाजांनाही असंच जास्त ताकदीचं स्टील लागतं. हावडा ब्रिज घ्या, १९४३ चा. त्याच्यात २६,५०० टन स्टील लागलं, त्यातलं २३,००० टन टाटांनी दिलं, टिस्क्रॉम नावाचं हाय टेन्साइल. जपानचा आकाशी काइक्यो पूल, १९९८ चा, त्याच्या तारा १८०० मेगापास्कलच्या केल्या म्हणून एका बाजूला दोन जाड केबल लागणार होत्या तिथे एकीवर भागलं. आयएनएस विक्रांतचं डीएमआर २४९ए स्टील तर आपलंच, डीआरडीओच्या हैदराबादच्या प्रयोगशाळेने सेलबरोबर मिळून केलेलं, आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या आयएनएस विशाखापट्टणमलाही तेच लागलंय. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट समान आहे. कुठल्या प्लेटला किती उष्णता द्यायची, वेल्डिंग कसं करायचं, आधी किती गरम करायचं, हे सगळं कागदावर लिहिलेलं असतं आणि पास झालेला वेल्डरच हात लावू शकतो. जहाजाच्या प्लेटवर कोणी आपल्या मनाने गॅस मारला तर तो संध्याकाळी घरी बसेल.

आणि आपण रोज ज्याच्यात बायको-पोरांना बसवतो त्या गाडीचं काय चालतं ते आता सांगतो.

माझ्या भाच्याची हॅचबॅक, सहा-सात वर्षांची, तिला आळंदी रोडला एका चौकात टेम्पोने बाजूने ठोकलं. देवाच्या कृपेने आत कोणाला फार लागलं नाही. गाडी एका गॅरेजला लावली, नाव नाही लिहीत, कारण तो एकटा काही वाईट नाही, सगळीकडे हेच चालतं. मी बघायला गेलो तर डेंटरने बाहेरची कातडी कापून उघडली होती आणि आतला बी पिलर आतल्या बाजूला बसलेला. पोरगं कष्टाळू, पुलर लावलेला, चेन ताणलेली, वरून घणाचे घाव घालत होतं, घण नुसता उडत होता. स्पॉट, म्हणजे वेल्डिंगचे गोल टाके, काढायला ड्रिल टेकवलं होतं तर बिट किंचाळून निळं पडलेलं आणि पिलरवर फक्त एक चकचकीत ठिपका, भोक नाही. मग त्याने ॲसिटिलीनचा गॅस पेटवला आणि खांब मधोमध लाल करायला घेतला. मी म्हटलं अरे थांब थांब, हा गरम करायचा नसतो. तो म्हणाला, "काका, लोखंडच आहे ना, गरम केल्याशिवाय सरळ कसं येणार?" आणि खरं सांगतो, त्याच्या जागी मी असतो आणि मला कोणी काही सांगितलंच नसतं तर मीही हेच म्हटलं असतं. लाल झाल्यावर खांब लोण्यासारखा सरळ आला, दिसायला एकदम फर्स्ट क्लास. पण जिथे लाल झाला तिथे तो आता १५०० चा राहिलेला नाही. ६०० डिग्रीला नुसता धरला तरी निम्म्यावर येतो, लाल करून हवेत गार होऊ दिला तर भट्टीत जायच्या आधी जेवढा होता जवळपास तेवढाच. त्याच्यावर पुटी, प्रायमर, रंग. आयुष्यात कोणाला कळणार नाही, पुढची धडक बसेपर्यंत. बाजूच्या धडकेत तुमच्या बरगड्या आणि तो खांब यांच्यात वीतभर जागा असते फक्त.

गाडी कंपन्यांच्या बॉडी रिपेअर मॅन्युअलमध्ये हे साफ लिहिलेलं असतं की असे पार्ट तापवायचे नाहीत, ओढून सरळ करायचे नाहीत, बदलायचेच आणि तेही सांगितलेल्या जोडावरच. पण ते मॅन्युअल आपल्याकडे सहसा अधिकृत वर्कशॉपलाच मिळतं, आमच्या डेंटरच्या पोराला कोण देणार, आणि दिलं तरी इंग्लिशमध्ये. विनोद असा की हीच कंपनी जाहिरातीत गाडीचा रंगीबेरंगी सांगाडा दाखवते, लाल म्हणजे अल्ट्रा हाय स्ट्रेंग्थ, पिवळा म्हणजे हाय स्ट्रेंग्थ, शोरूममध्ये सेल्समन त्याच्यावर बोट ठेवून स्टार रेटिंग सांगतो. गाडी विकायच्या वेळी नकाशा आहे आणि ठोकल्यावर नाही. चार आण्याच्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलेलं असतं हो, म्हणजे ८०० ची ताकद आणि तिच्या ८० टक्क्यांवर म्हणजे ६४० ला तो ताणायला लागतो, सगळं डोक्यावर छापलेलं. टीएमटीच्या सळईवर ग्रेड उमटवलेला असतो. आणि ज्याच्यावर माणसाचा जीव आहे त्या पिलरवर काही नाही.

भारत एनकॅप, म्हणजे नव्या गाड्या आदळून बघायची आपली चाचणी, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं, चांगलं झालं, समोरून ६४ च्या वेगाने, बाजूने ५० ने, खांबावर आडवी २९ ने अशा धडका देऊन तारे देतात. पण ते तारे कोऱ्या गाडीचे. एकदा गॅस मारलेल्या गाडीचे तारे किती, ते कोण सांगणार?

आता विम्याचं. डेंटरला दोष देणं सोपं आहे पण पैसे बघा कसे फिरतात ते. भाच्याच्या क्लेमला सर्व्हेअर आला, त्यानेच सुचवलं की पिलर रिपेअर होईल, बदलायची गरज नाही. का? तर बदलायचा म्हणजे बाहेरचा पॅनल, आतला पिलर, लेबर, दहा-बारा दिवस. रिपेअर म्हणजे थोडं लेबर आणि रंग. कंपनीचे पैसे वाचले. बरं मालकाने हट्ट करावा तर त्याचाही खिसा अडतो, कारण डेप्रिसिएशन, म्हणजे गाडी जुनी म्हणून पार्टच्या पैशांत होणारी कपात. आपल्याकडच्या मोटर टॅरिफच्या तक्त्यात लोखंडी पार्टला गाडीच्या वयाप्रमाणे कापतात, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, दहाच्या पुढे ५० टक्के. म्हणजे पिलर बदलला तर पार्टच्या किमतीतले ४० टक्के भाच्याने द्यायचे, सरळ करून घेतला तर पार्टच नाही म्हणून कापायचंही काही नाही. झिरो डेप, म्हणजे ही कपात टाळणारी जादा पॉलिसी, घेतलं असेल तर वाचतो, पण ते बहुतेकांचं पहिल्या काही वर्षांपुरतंच असतं. सर्व्हेअर म्हणतो रिपेअर, गॅरेजवाला म्हणतो रिपेअर, मालक म्हणतो हात जोडतो, रिपेअर करा. भाचा मला म्हणाला, "मामा, तुम्ही म्हणता ते पटतं हो, पण फरकाचे पैसे कुठून आणू?" काय उत्तर देणार. शेवटी मीच थोडी भर घातली आणि पिलर बदलून घेतला, गॅरेजवाल्याला वाटलं म्हातारं चक्रम आहे.

काचेला डेप्रिसिएशन लागत नाही, शून्य आहे तक्त्यात. काच फुटली तर पूर्ण पैसे. मग पिंजऱ्याच्या पार्टला का लागावं? बंपर, बोनेट, फेंडर यांना लावा ना खुशाल, ती कातडी आहे. पण पिलर, दाराखालची सिल, दरवाजातला आडवा बार, छताची कड, असे मोजके पार्ट काढून त्यांना सूट द्यायला विमा नियामकाला काय अडचण आहे मला कळत नाही. प्रीमियम चार पैसे वाढेल, वाढू दे. आणि असा पार्ट सर्व्हेअरने रिपेअरला पास केला तर का केला ते त्याने सहीने लिहून द्यावं, बघा मग किती पास होतात.

दुसरं, तो रंगीत नकाशा. प्रत्येक मॉडेलचा, मराठी-हिंदीत, क्यूआर कोड करून दाराच्या कडेला टायरप्रेशरच्या स्टिकरशेजारी चिकटवायला सांगा. एवढंच. डेंटरने मोबाईल धरला की त्याला दिसलं पाहिजे, लालला गॅस लावायचा नाही. याचा दुसरा उपयोग तर त्याहून मोठा आहे. एक्स्प्रेस वेवर अपघात झाला की माणूस आत अडकलेला असतो, बचाव करणारे हायड्रॉलिक कटर घेऊन येतात, जुन्या कटरला हे बोरॉनचे खांब तुटत नाहीत, कटर अडकतो किंवा पातं मोडतं आणि मिनिटं जातात. कुठे कापायचं आणि कुठे नाही हे आधी माहीत असेल तर ते बाजूच्या मऊ जागेवर जातील. युरोपात असे रेस्क्यू कार्ड असतात गाड्यांचे, एअरबॅगचे गॅस सिलिंडर कुठे, कडक खांब कुठे, सगळं एका पानावर. आपल्याकडे त्याच कंपन्या गाड्या विकतात की, त्यांच्याकडे हे पान तयार असणार, नुसतं भाषांतर करून छापायचंय.

तिसरं, आयटीआयमध्ये जी पोरं पत्र्याचं, वेल्डिंगचं काम शिकतात त्यांना एक तास हे दाखवा. पुस्तकातून नको. एक भंगारातला बी पिलर आणा, अर्ध्याला गॅस मारा, अर्धा तसाच ठेवा, मग दोन्हीकडे ड्रिल लावायला सांगा. गॅस मारलेल्या बाजूला ड्रिल सुर्रकन जाईल. पोरगं जन्मात विसरणार नाही आणि गॅरेजला लागलं की मालकालाही शहाणं करेल.

जाता जाता तुमच्या पेपरला पण एक सांगणं. शनिवारच्या पानावर जुन्या गाड्या घेताना काय बघावं याची यादी तुम्ही छापता, टायर, बॅटरी, किलोमीटर, क्लच, सर्व्हिस रेकॉर्ड. त्याच्यात एक वाढवा. गाडी बाजूने ठोकलेली आहे का ते विचारा, असेल तर दाराचं रबर थोडं ओढून पिलरची कड बघा, कंपनीचे स्पॉट एका रेषेत गोल गोल आणि सारख्या अंतरावर असतात. तिथे पुटी असेल, वेल्डिंगची जाड शिवण असेल किंवा रंगाची छटा वेगळी असेल तर कामाचं बिल मागा आणि त्याच्यावर पिलरचा पार्ट नंबर आहे का बघा. नसेल तर किंमत कितीही पाडून दिली तरी ती गाडी घेऊ नका.

आपला,
एक निवृत्त टूल रूमवाला,
भोसरी